सरासरी रुग्ण आणि समोरचे मूल

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. चंदगड तालुक्यातील एका खेड्यातून एक आजी आपल्या साडेतीन वर्षांच्या नातवाला घेऊन टिळकवाडीतील माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. मुलाच्या हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्याआधी बालरोगतज्ज्ञाने तपासावे, असे शल्यविशारदांनी सांगितले होते. तपासणी आटोपली. आजींनी नातवाच्या अंगात सदरा घालता घालता विचारले, "डॉक्टरीणबाई, ह्याला भूल किती लागणार, ते आधी कळतं का हो?" सोबत मुलाचा मामा होता. पुण्यात इंजिनिअर असलेला, चुणचुणीत तरुण. मी उत्तर देण्याआधीच तो म्हणाला, "आई, आता ते सगळं कॉम्प्युटर काढतो. वय आणि वजन घातलं की झालं."

त्या मामाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते आणि पुरते बरोबरही नव्हते. आजींचा प्रश्न मात्र शंभर नंबरी होता. भूलशास्त्रातील विद्वानांनी पाऊणशे वर्षे ज्याचा पाठपुरावा केला, तोच हा प्रश्न. मी भूलतज्ज्ञ नाही. तथापि भूल द्यायच्या मुलाला आधी तपासणारी आणि नंतर त्याच्या आईवडिलांना सामोरी जाणारी मी असते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडण्याचे धाडस केले आहे. भूलतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनी ते गोड मानून घ्यावे.

आपल्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ठाऊकच आहे की एकेकाळी येथे देवीची लस तयार होत असे. देवीच्या उच्चाटनाची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली केली. हा विजय सरासरीच्या गणिताचा होता. प्रत्येक मुलाच्या शरीरात लसीचे नेमके काय झाले, हे कोणी मोजत बसले नाही. सर्वांना सारखी लस आणि सर्वांना मिळून संरक्षण, असा तो हिशेब होता. आम्ही बालरोगतज्ज्ञ अर्धा दिवस या गणितावर जगतो. लसीकरणाचे वेळापत्रक, वाढीचे आलेख, वजनावरून काढलेली औषधाची मात्रा ही सारी त्याच कुळातील. परंतु उरलेला अर्धा दिवस दुसऱ्या गणिताचा असतो. त्यात हजार मुले नसतात, एकच मूल असते आणि हजारांच्या सरासरीने त्याच्याविषयी जे सांगितले, ते त्याला लागू पडेलच असे नसते. श्वासावाटे दिली जाणारी भूल हे या दुसऱ्या गणिताचे उत्तम उदाहरण आहे.

सर्वसामान्य वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगते. भूलयंत्रावर वाफेचे प्रमाण ठरवणारी एक डायल असते. तिच्यावर दोन टक्के असा आकडा लावला म्हणजे मुलाच्या मेंदूत दोन टक्के पोहोचले, असे होत नाही. वाफ प्रथम यंत्राच्या नळ्यांत जाते, तेथून फुप्फुसातील वायुकोशांत, तेथून रक्तात, रक्तातून मेंदूत आणि त्याच वेळी स्नायूंत व चरबीतही. वाटेतला प्रत्येक थांबा आपला वाटा घेतो. रक्तात जो वायू अधिक विरघळतो, त्याची फुप्फुसातील पातळी सावकाश चढते, कारण रक्त त्याला सतत ओढून नेत असते. जुन्या हॅलोथेनचा रक्तात विरघळण्याचा गुणांक सुमारे २.४, तर आजच्या सेव्होफ्लुरेनचा ०.६५ च्या आसपास आहे. म्हणून सेव्होफ्लुरेनने मूल लवकर झोपते आणि लवकर जागे होते.

हा सारा प्रवास समीकरणांत मांडता येतो. सेमूर केटी यांनी १९५१ साली या वायूंच्या देवाणघेवाणीचा सिद्धान्त मांडला. पुढे कार्डिफच्या मेपलसन यांनी शरीराची तुलना एकमेकांना जोडलेल्या पाण्याच्या भांड्यांशी केली. एक भांडे फुप्फुसाचे, एक मेंदूसारख्या भरपूर रक्त मिळणाऱ्या अवयवांचे, एक स्नायूंचे, एक चरबीचे. भांड्याची रुंदी म्हणजे त्या अवयवाची साठवणक्षमता आणि जोडनळीची जाडी म्हणजे तेथील रक्तपुरवठा. बोस्टनच्या जेम्स फिलिप यांनी १९८० च्या दशकात हेच चित्र 'गॅस मॅन' या संगणकीय कार्यक्रमात आणले आणि जगभरचे विद्यार्थी त्यावर शिकले. यालाच मॉडेल किंवा गणिती प्रतिमान म्हणतात. वय, वजन, श्वसन आणि डायलवरचा आकडा त्याला दिला की पुढच्या दहा मिनिटांत फुप्फुसात किती वाफ असेल, याचा आलेख ते काढून देते.

याची गरज का भासावी? भूलयंत्रात मिनिटाला सहा लिटर ताजा वायू सोडला, तर डायलवरचा आकडा आणि मुलाने आत घेतलेले प्रमाण जवळजवळ सारखे असते. परंतु त्यातील बहुतेक वाफ वाया जाते. म्हणून अर्धा-एक लिटर ताजा वायू सोडून उच्छ्वासातील वायू कार्बन डायऑक्साइड काढून पुन्हा वापरण्याची पद्धत रूढ झाली. यात पैसा वाचतो आणि पर्यावरणही. डेस्फ्लुरेन हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा नित्य वापर थांबवला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून अपवाद वगळता त्यास मनाई केली. थोडक्यात, कमी प्रवाह ही काळाची गरज आहे. परंतु कमी प्रवाहात डायलवरचा आकडा आणि आतले प्रमाण यांची फारकत होते. मग आत किती आहे, हे कळण्याचे दोनच मार्ग उरतात. एक तर प्रत्यक्ष मोजणे, नाहीतर मॉडेलने सांगितलेल्या अंदाजावर विसंबणे.

येथे माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. मॉडेल बरोबर आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी बरोबर, हे विचारले पाहिजे. समजा, दहा मुलांच्या फुप्फुसात दोन टक्के सेव्होफ्लुरेन असेल असे मॉडेलने सांगितले. प्रत्यक्षात पाच मुलांत ते १.६ निघाले आणि पाच मुलांत २.४. सरासरी काढा, बरोबर दोन येते. कागदावर मॉडेलची चूक शून्य! आणि प्रत्यक्षात दहांपैकी एकाही मुलाबाबत ते बरोबर ठरले नाही. प्रत्येकाच्या बाबतीत चूक वीस टक्क्यांची आहे. म्हणूनच संशोधक दोन आकडे वेगळे सांगतात. एक कल दाखवणारा, म्हणजे मॉडेल एकंदरीत जास्त सांगते की कमी. दुसरा विखुरलेपणा दाखवणारा, म्हणजे एकेका रुग्णात ते किती चुकते. शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांच्या मॉडेलांत वीस ते चाळीस टक्क्यांपर्यंतचा विखुरलेपणा चालवून घेण्याची प्रथा आहे. श्वासावाटे जाणाऱ्या वायूंची मॉडेले त्या मानाने अधिक भरवशाची, कारण वायू किती आत गेला आणि किती बाहेर आला, हे श्वासागणिक पाहता येते. तरीही जाहिरातीत बहुधा पहिलाच आकडा ठळक असतो. रुग्णाच्या नातेवाइकांना काळजी असते ती दुसऱ्याची.

१९८१ साली लोव आणि अर्न्स्ट यांनी एक मोठे देखणे सूत्र मांडले होते. शरीर भूलवायू शोषून घेण्याचा वेग काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, असे ते सूत्र. त्यामुळे पहिल्या, चौथ्या, नवव्या, सोळाव्या मिनिटाला ठरावीक मात्रा द्यावी, म्हणजे पातळी स्थिर राहील. एकेकाळी विद्यार्थ्यांना ते पाठ असे. पुढे मोजमाप सुलभ झाल्यावर दिसून आले की प्रत्येक रुग्ण या वर्गमुळाचा मान राखतोच असे नाही आणि वजनाशी शोषणाचे नाते त्या सूत्रात धरले होते तितके घट्ट नाही. सूत्र सुंदर असणे आणि रुग्णाने ते पाळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय, पातळी नेमकी कळली तरी ती पुरेशी आहे का, हा प्रश्न उरतोच. भूलवायूंची ताकद मोजण्याचे सर्वमान्य परिमाण 'मॅक' हे आहे. एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ते रूढ केले. त्याची व्याख्याच पाहा: ज्या प्रमाणाला त्वचेवर छेद घेताना निम्मे रुग्ण हालत नाहीत, ते एक मॅक. म्हणजे उरलेले निम्मे हालतात! व्याख्येतच अर्धे रुग्ण नियमाबाहेर आहेत. बहुतेक सर्वांना निश्चल ठेवायचे, तर सुमारे १.३ मॅक लागतो. मुलांत तर हे परिमाण वयागणिक बदलते. सेव्होफ्लुरेनचा मॅक नवजात बालकात सुमारे ३.३ टक्के, सहा महिन्यांपासून बाराव्या वर्षापर्यंत सुमारे २.५ आणि मध्यमवयीन प्रौढात दोनच्या आसपास. हॅलोथेनचे आकडे नवजात बालकात ०.८७, एक ते सहा महिन्यांत सुमारे १.२ आणि प्रौढात ०.७५ असे. म्हणजे आलेख सरळ उतरत नाही, आधी चढतो आणि मग उतरतो. वयानुसार मॅक काढण्याचे मेपलसन यांचे १९९६ चे सूत्र, दर दशकाला सुमारे सहा टक्के घट सांगणारे, आज अनेक मॉनिटरांत बसवलेले आहे. परंतु ते एक वर्षावरील रुग्णांसाठी आहे. तीन महिन्यांच्या बाळाच्या उशाशी असलेल्या पडद्यावर तोच आकडा झळकू लागला, तर तो कोणाच्या भरवशावर झळकतो आहे, हे विचारायला हवे.

हे सारे मला पुस्तकातून उमगले नाही. माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने ते शिकवले आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. १९९७ साली मी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. दोन महिन्यांच्या एका बाळाचा हर्निया अडकला होता, रात्रीतूनच शस्त्रक्रिया करायची होती. बाळाला तपासून मी कागदावर लिहिले: वजन ३ किलो ८०० ग्रॅम, हृदयाचे ठोके स्वच्छ, छाती स्वच्छ, भूल देण्यास हरकत नाही. बाळ रात्रभर ओकत होते, टाळू खोल गेली होती, ओठ सुकले होते. मी ते पाहिले होते. सलाइन चालूही केले होते. पण कागदावर लिहिले नाही. गडबड होती, एवढेच कारण.

बाळ लहान म्हणून मला आतच थांबायला सांगितले होते. त्या काळी हॅलोथेनच वापरले जाई आणि वायू मोजणारे यंत्र तेथे नव्हते. तरुण भूलतज्ज्ञाने तक्त्याप्रमाणे डायल लावली आणि पिशवी दाबून हाताने श्वास देण्यास सुरुवात केली. ठोके दीडशे होते. काही मिनिटांत नव्वद झाले आणि मग साठ. तक्त्याप्रमाणे सारे ठीक होते. ज्येष्ठ भूलतज्ज्ञ बाई शेजारच्या टेबलावरून आल्या. त्यांनी डायलकडे पाहिलेसुद्धा नाही. बाळाच्या छातीवर चिकटवलेल्या स्टेथोस्कोपची नळी कानात घातली आणि क्षणात म्हणाल्या, "बंद कर. नुसता ऑक्सिजन." ॲट्रोपिन दिले, सलाइन भरभर सोडले. ठोके परत आले. बाळ वाचले आणि चार दिवसांनी घरी गेले. नंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू लिहिलं नाहीस, म्हणून त्याला कळलं नाही."

यामागची यंत्रणा समजावून घेण्याजोगी आहे. तान्ह्या बाळात वायुकोशांना मिळणारा दर मिनिटाचा श्वास फुप्फुसात उरणाऱ्या हवेच्या सुमारे पाचपट असतो, प्रौढात तो केवळ दीडपट. म्हणून बाळाच्या फुप्फुसात वाफेची पातळी झपाट्याने चढते. त्यातून बाळ कोरडे पडलेले, म्हणजे हृदयातून निघणारे रक्त आधीच कमी. रक्त कमी वाहिले की फुप्फुसातून वाफ कमी उचलली जाते आणि तेथील पातळी आणखी चढते. वाढलेली वाफ हृदयाला आणखी मंद करते, हृदय मंद झाले की पातळी पुन्हा चढते. असे हे दुष्टचक्र. बाळ स्वतः श्वास घेत असते, तर भूल खोल होताच त्याचा श्वास मंदावला असता आणि वाफ आत जाणे आपोआप कमी झाले असते. हाताने श्वास देताना तो नैसर्गिक लगामही सुटतो. मॉडेलला वय कळते, वजन कळते. टाळू खोल गेल्याचे त्याला कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही.

आपल्याच दख्खनच्या इतिहासात या चुकीचे एक मोठे, दरबारी थाटाचे रूप आढळते. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतात ते कशाने, आधी श्वास थांबतो की आधी हृदय, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन होते. श्वासावर नजर ठेवली तर क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, असे त्यांचे ठाम मत होते. १८८८ मध्ये निजामाच्या आश्रयाने पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या मताचा निघाला. लंडनच्या 'लॅन्सेट'ने शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि लॅन्सेटतर्फे लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य १८८९ मध्ये हैदराबादेत आले. शेकडो प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले. निष्कर्ष तोच: आधी श्वास थांबतो, मग हृदय, म्हणून श्वासाकडे पाहा.

कमिशनने केलेले काम खोटे नव्हते. शेकडो प्राण्यांत खरोखरच तसे घडले होते. परंतु टेबलावर अचानक, हलक्या भुलीत, भेदरलेल्या अवस्थेत दगावणारा रुग्ण त्या सरासरीत मावत नव्हता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मच्या जोडीला ॲड्रेनलिन असले, तर हृदयाची लय एकाएकी बिघडून ते थांबू शकते. म्हणजे भीती आणि हलकी भूल यांचा संयोगच घातक ठरू शकत होता. शेकडोंचा नियम खरा होता आणि त्याच्या बळावर 'हृदयाची काळजी नको' असे सांगणे तरीही चूक होते. मधल्या वीसेक वर्षांत या आश्वासनाने किती जणांचे लक्ष नाडीवरून उडाले असेल, याचा विचार अस्वस्थ करतो. सरासरीचा नियम अपवादाला अशक्य ठरवत नाही. तो अपवादाला नजरेआड मात्र करू शकतो.

मग मोजले की प्रश्न संपला का? तसेही नाही. येथे भुईमुगाची आठवण होते. आपल्या भागात शेंगदाणा श्वासनलिकेत अडकलेले मूल ही बालरोगतज्ज्ञाला नवी गोष्ट नव्हे. अशा मुलाच्या एका फुप्फुसात हवा नीट जात नाही, रक्त मात्र तेथून वाहत राहते आणि वाफ न घेताच पुढे जाते. उच्छ्वासाच्या अखेरच्या हवेत यंत्राला दिसते ती उघड्या फुप्फुसाची पातळी. रक्तातील पातळी त्याहून कमी असते. यंत्र खोटे बोलत नाही, पण ते अर्धीच गोष्ट सांगते. अगदी लहान बाळांत आणखी एक अडचण येते. त्यांचा एक श्वास इतका छोटा असतो की यंत्राने तपासायला ओढलेल्या हवेत ताजा वायू मिसळतो आणि आकडा बिघडतो.

आपल्या गावाच्या उंचीचेही उदाहरण घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. येथील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. मेंदूवर परिणाम होतो तो वाफेच्या दाबाचा, टक्केवारीचा नव्हे. जुन्या पद्धतीचे व्हेपोरायझर हा फरक आपोआप भरून काढतात. डेस्फ्लुरेनचे तापवलेले व्हेपोरायझर तो भरून काढत नाहीत, तेथे पणजीला लावलेला आकडा बेळगावात तेवढ्याच अंशाने कमी पडतो. फरक मोठा नाही, जाणत्या भूलतज्ज्ञाला तो ठाऊकही असतो. परंतु घाट चढून आल्याने एखाद्या आकड्याचा अर्थ बदलतो, ही गोष्ट आकड्यांच्या भक्तांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इतके वाचल्यावर मी मॉडेलच्या विरोधात आहे, असा कोणाचा समज होईल. तसे मुळीच नाही. मॉडेलने भूलतज्ज्ञांच्या दोन पिढ्यांना शरीरातील अदृश्य प्रवाह डोळ्यांपुढे आणून दाखवले. पुढे काय घडू शकेल, हे ते आधी सुचवते, त्यामुळे हात सावध राहतो. आता तर उच्छ्वासातील पातळी सतत मोजून वाफ आणि वायू स्वतःच जुळवून घेणारी यंत्रे आली आहेत. युरोपात ती २०१० च्या सुमारास आली, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा यंत्राला २०२२ मध्ये मान्यता दिली. परंतु त्यांच्या यशाचे मर्म कशात आहे? ती केवळ भाकीत करत नाहीत. ती श्वासागणिक मोजतात आणि मोजमापाशी ताडून स्वतःला दुरुस्त करतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांवर रुग्णांच्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेत जाग येण्याचा धोका असलेल्यांसाठी मेंदूलहरींचे महागडे मॉनिटर आणि उच्छ्वासातील मोजलेल्या पातळीवर आधारित साधा इशारा यांची तुलना झाली. महागडा मॉनिटर सरस ठरला नाही. मोजलेला साधा आकडा आणि त्याच्याकडे लक्ष देणारा माणूस, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

तेव्हा माझे म्हणणे असे. मॉडेल सरासरी रुग्णाबद्दल विश्वासार्ह आहे, समोरच्या मुलाबद्दल ते केवळ पहिला अंदाज आहे. पहिल्या अंदाजाचा मान त्याला अवश्य द्यावा. मोजमापाच्या जागी मात्र त्याला बसवू नये आणि मोजमापाला डोळे, कान व बोटे यांच्या जागी बसवू नये.

यातून आपल्यासाठी काही कर्तव्ये निघतात. निपाणी, खानापूर, चंदगड, अगदी सिंधुदुर्ग आणि गोव्याकडूनही मुले शस्त्रक्रियेसाठी या भागात येतात. सीमा कागदावर कोठेही असो, रुग्ण आपल्या पायवाटेने येतो. त्यांतील कित्येकांवर उपचार मोठ्या रुग्णालयात न होता छोट्या नर्सिंग होममध्ये होतात. जेथे मुलांना श्वासावाटे भूल दिली जाते, तेथे उच्छ्वासातील वायू मोजणारे यंत्र असावे, हा आग्रह आपण संघटना म्हणून धरला पाहिजे. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या किमान निकषांत ते आहे. यंत्र महाग आहे, हे मला कळते. दोन-तीन नर्सिंग होमनी मिळून ते घेता येईल, संघटनेच्या निधीतून एक फिरते यंत्र ठेवता येईल. आणि जोवर ते नाही, तोवर केवळ गणितावर विसंबून कमी प्रवाह वापरण्याचा मोह आपण टाळावा. ताजा वायू भरपूर सोडल्याने थोडा खर्च वाढेल, पण डायलवरचा आकडा आणि मुलाचा श्वास यांत फारकत पडणार नाही.

दुसरे कर्तव्य आम्हा बालरोगतज्ज्ञांचे. 'फिट फॉर ॲनेस्थेशिया' हे तीन शब्द लिहून सही ठोकण्याची सवय आपण सोडली पाहिजे. मूल कोरडे पडले आहे का, गेल्या पंधरा दिवसांत सर्दी-खोकला झाला का, जन्म वेळेआधी झाला होता का, दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जाते का, हृदयात पडद्याला छिद्र आहे का आणि आजचे वजन किती, एवढ्या सहा गोष्टी लिहायला दोन मिनिटे लागतात. मॉडेलला न कळणारे तेच असते आणि भूलतज्ज्ञाला हवे असतेही तेच. मी १९९७ पासून त्या लिहीत आले आहे. त्याआधी लिहिल्या नाहीत, हे शल्य आहे.

तिसरे कर्तव्य भाषेचे. नातेवाइकांना आपण 'सगळं कॉम्प्युटरवर असतं, काळजी करू नका' असे सांगतो. त्यांना धीर येतो, पण ते खरे नव्हे. खरे सांगूनही धीर देता येतो. त्या दिवशी आजींना मी म्हटले, "अंदाज आधी कळतो, आजी. नेमकं मात्र याला बघत बघतच कळतं. म्हणून भूल देणारे डॉक्टर सगळा वेळ याच्या उशाशी बसून राहतील, उठून जाणार नाहीत." मामा जरा वरमला. आजींनी नातवाच्या सदऱ्याचे शेवटचे बटण लावले आणि म्हणाल्या, "बसून राहतील न्हवं? मग झालं तर."

त्या मुलाची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. भूलतज्ज्ञांना मी नंतर मुद्दाम विचारले. यंत्राने आधी सुचवलेल्या आकड्यापेक्षा त्याला थोडी अधिक भूल लागली होती. किती, ते त्यांनी नोंदवून ठेवले होते. आणि ते सगळा वेळ उशाशी बसून होते.